हात आत, पाय आत

४ मार्च, बुधवार

वर मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून ती जागा कोरी सोडली आहे.

माझ्या छातीला पाच वायरी चिकटवल्या आहेत आणि कमरेला काडेपेटीपेक्षा जरा मोठं यंत्र आहे. अठ्ठेचाळीस तास ते हृदयाची नोंद घेणार. यंत्रासोबत एक छापील कागद मिळाला. त्यात तीन रकाने: वेळ, काय करत होता, काय वाटलं. तुझ्या वहिनीने तो फ्रिजच्या दारावर लावला आहे आणि शेजारी दोरीने पेन्सिल बांधली आहे.

सकाळी ९.१०. चहा प्यालो. काही नाही.
९.४०. खिडकीशी उभा होतो. काही नाही.
१०.०५. भावाला पत्र लिहायला बसलो.

पुढचा रकाना रिकामा ठेवला. यंत्राला काय कळायचं ते कळेल.

घाबरण्यासारखं काही नाही. हे वाक्य डॉक्टरीणबाईंचं आहे. मी फक्त पुढे पाठवतो आहे. गेल्या मंगळवारी अकरा मजल्यांच्या एका इमारतीत लिफ्टच्या मशीन रूमकडे चढत होतो. शेवटचा जिना लोखंडी आणि अरुंद. पाय घसरला. आमच्याकडचा वायरमन मागे होता, त्याने धरलं. तो म्हणतो मी दोन मिनिटं पडून होतो. मी म्हणतो, अर्धं. वायरमनला सगळं वाढवून सांगायची खोड आहे.

मग दवाखाना. छातीवर गार मलम लावून पडद्यावर हृदय पाहिलं. पाहणारी मुलगी एका जागी थांबली, मोजलं, परत मोजलं. मी विचारलं, काय आहे? ती म्हणाली, डॉक्टर सांगतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका बाजूची भिंत जरा जाड वाटते, ते रक्तदाबानेही होतं, आणखी दोन तपासण्या करू. त्या सगळ्यांचा मिळून निकाल मोठे डॉक्टर देतील. मोठे डॉक्टर बाहेरगावी आहेत. अठरा तारीख.

चौदा दिवस. एवढ्यात आपण दोघांनी एक आख्खी लिफ्ट उभी केली असती.

तुझा पत्ता वहिनीकडे आहे. नऊ वर्षांत तू घरं बदललीस तेव्हा तिला दोन कार्डं टाकलीस. मला ती दाखवली जातात, वाचून नाही.

सकाळी १०.५०. पत्र संपवलं. काही नाही.

५ मार्च, गुरुवार

काल लिहिलं की पाय घसरला. घसरला नव्हता.

जिन्याची वरची पायरी दिसत होती. मग वायरमनचं तोंड दिसलं. मध्ये काही नव्हतं. काळोखही नव्हता, कारण काळोख पाहायलाही कोणीतरी लागतं. याला झोप म्हणता येत नाही. झोपेतून उठलं की आपण झोपलो होतो एवढं तरी कळतं.

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी पेन उघडलं आणि घरच्यांची चौकशी सुरू केली. वडील? मी सांगितलं: सकाळी कामाला निघताना, खुर्चीत बसून बूट घालता घालता. एक बूट पायात, दुसरा हातात. वय अठ्ठेचाळीस. त्यांनी ‘अचानक’ असा शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. मग दुसरी मारली. दुसरी रेघ मला आवडली नाही.

आणखी कोणाला? कोणी चक्कर येऊन पडलं? शुद्ध हरपली?

मी म्हणालो, नाही.

भावंडं?

एक भाऊ आहे, सहा वर्षांनी लहान. ठणठणीत.

त्यांनी ‘नाही’ आणि ‘ठणठणीत’ दोन्ही लिहून घेतलं. बाहेर येऊन वहिनीने विचारलं, काय काय विचारलं? मी म्हणालो, नेहमीचंच.

नऊ वर्षांत तुला पाहिलं नाही आणि ठणठणीत म्हणून मोकळा झालो. पण ठणठणीत नसशील असं मला कुणी सांगितलेलंही नाही.

यंत्राच्या वायरींखाली खाज सुटते. खाजवलं की यंत्रात काय उमटत असेल ते कोण जाणे, म्हणून खाजवत नाही. कागदावर मात्र लिहिलं: दुपारी १२.१५, खाजवलं नाही. वहिनी म्हणाली, न केलेल्या गोष्टी लिहायला लागलात तर कागद पुरायचा नाही.

७ मार्च, शनिवार

यंत्र काल परत केलं. आज मोठी तपासणी झाली, ती नळीत सरकवून करतात ती. निघताना वहिनी म्हणाली, तुम्हाला हृदय आहे हे एकदा चित्रात येऊ दे, मला आजवर नुसतं ऐकून माहीत होतं.

नळीत हात अंगाला चिकटवून पडायचं. तोंडापासून वीतभर अंतरावर छत. तुला ते जमलं नसतं, असं मनात आलं. मग आठवलं की तू याहून अरुंद जागेत अकरा वर्षं काम केलंस.

कानाला हेडफोन लावतात. त्यात एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज. श्वास आत घ्या. सोडा. आता थांबा. मग यंत्र दगड फोडल्यासारखं वाजतं.

पहिल्यांदा बाई म्हणाली, श्वास आत घ्या. मी म्हणालो, आत घेतो. सोडा. सोडतो. आता थांबा. थांबलो.

यंत्र बंद झालं. खऱ्या माणसाचा आवाज आला. काका, उत्तर देऊ नका. बोललात की छाती हलते, चित्र बिघडतं. मी म्हणालो, उत्तर देणार नाही. तो म्हणाला, हेही नको.

दुसऱ्यांदा पुन्हा बोललो. तिसऱ्यांदा जीभ दातांत धरली, तरी घशातून काहीतरी आलंच. तो मुलगा शेवटी आत येऊन माझ्या डोक्याशी उभा राहिला. म्हणाला, काका, तुम्ही सैन्यात होतात का? मी सांगितलं, लिफ्टमध्ये. त्याला काही उलगडा झाला नाही. पाऊण तासाची तपासणी दीड तास चालली. बिघडलेली चित्रं चालतील का, म्हणून विचारलं. म्हणाला, बघू.

हे ‘बघू’ मी घरी घेऊन आलो आहे आणि ते प्रत्येक खोलीत आहे.

नियम तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, लिहीत असलो की हात गळ्याच्या शिरेकडे जात नाही. वरचा माणूस मशीन रूममध्ये, खालचा डब्याच्या छतावर. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. वरच्याने हाक द्यायची: वर घेतो. खालच्याने अख्खं उत्तर द्यायचं: हात आत, पाय आत, वर घे. नुसतं ‘हो’ चालणार नाही. ‘हो’ तर माणूस झोपेतही म्हणतो, असं बाबा म्हणायचे. अख्खं उत्तर कानावर पडेपर्यंत ब्रेक सोडायच्या दांड्याला हात लावायचा नाही. मग आकाश कोसळो.

हल्ली कामावर मी या नियमाबाबत इतका कडक आहे की पोरं माझी नक्कल करतात. चहा देऊ का, असं वायरमनने विचारलं की बाकीचे ओरडतात: कप आत, बशी आत, चहा दे.

वहिनीला नळीतली गोष्ट सांगितली तेव्हा ती पोट धरून हसली. मग एकदम थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी उठून नळ नीट बंद आहे का ते पाहून आलो.

१० मार्च, मंगळवार

आठ दिवस उरले.

मला जिना बंद केला आहे. ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसवलं आहे. भिंतीवर घड्याळ समोरच. दोन बोटं मनगटावर, एक डोळा काट्यावर. बहात्तर. परत मोजलं, अठ्ठ्याहत्तर. मोजल्याने वाढले म्हणून परत मोजलं, चौऱ्याऐंशी. वायरमन म्हणाला, दादा, दारावर मीटर लावून देतो, सगळ्यांनाच येता-जाता बघता येईल. घरी वहिनीने माझं सेकंदकाट्याचं घड्याळ लपवलं. मी कपडे धुण्याच्या यंत्रावरच्या आकड्यांशेजारी उभा राहून मोजलं. तिने यंत्राचं बटण बंद केलं, कपडे आतच राहिले.

डाव्या कुशीवर झोपलं की उशीत ठोके ऐकू येतात. उजव्या कुशीवर ऐकू येत नाहीत, त्याचं जास्त भय वाटतं.

आज दुपारी एक बाई लिफ्टमध्ये अडकली. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये. तिने विचारलं, किती वेळ लागेल? मी नेहमीचं सांगितलं, वीस मिनिटं. माणूस पाठवला. फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, ठेवू नका. तीस वर्षं मी लोकांना वीस मिनिटं सांगत आलो. वीस मिनिटं आतून केवढी असतात ते कधी मनात आलं नव्हतं. नाही ठेवला. तिच्या हातात नवा आरसा होता, तो भिंतीला टेकवू की धरून ठेवू, असं तिने तीनदा विचारलं. मग म्हणाली, डबा खाली तर पडणार नाही ना?

मी म्हणालो, नाही हो. पलीकडे वजन असतं ते रिकाम्या डब्याहून जड. ब्रेक सुटला तरी एकच माणूस असलेला डबा खाली येत नाही. वर जातो.

एवढं बोललो आणि पुढे बोलता येईना. ती हॅलो हॅलो करत राहिली. शेजारच्या टेबलावरच्या बाईने फोन घेतला.

त्या दिवशीही डबा वर गेला होता. दीड फूट. तू छतावर होतास, तुझा डावा हात कडेबाहेर लोंबत होता आणि भिंतीतल्या लोखंडी कंसाखाली दोन बोटं गेली. माझ्या हाकेला तू अख्खं उत्तर दिलं होतंस, म्हणून मी दांडा ओढला. उत्तर दिल्यावर तुला डुलकी लागली. जबाबात मी तेवढंच लिहून दिलं. डुलकी कुणालाही लागते. मी दोष दिला नव्हता. तुला काढायचं हे साहेबांनी ठरवलं.

तू त्यांच्यासमोर म्हणाला होतास, दादा, मी काही बोललोच नाही, डोळ्यांपुढून सगळं गेलं होतं. मी म्हणालो होतो, तू बोललास, मी ऐकलं.

रिपोर्ट चांगला आला तर ही पत्रं फाडून टाकायची असं ठरवलं आहे. उगाच तुला कशाला त्रास. सध्या ती माझ्या हत्यारांच्या पेटीत आहेत, तळाच्या खणात.

१२ मार्च, गुरुवार

तळाचा खणही सुरक्षित नाही. वहिनीला पाना हवा होता, असं ती म्हणते. तिला आयुष्यात कधी पाना लागलेला नाही.

संध्याकाळी आलो तर टेबलावर चारही पत्रं ओळीने मांडलेली. तिने चष्मा काढला.

“तो गेल्या वर्षी पडला,” ती म्हणाली. “जिन्यात. आणि त्याआधी एकदा, न्हाणीघरात.”

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही कधी विचारलंत? कार्डं दाखवली की पोस्टाचं तिकीट बघून परत देता. मग तिने मला तू काय करतोस ते सांगितलं. खिडक्यांना काचा बसवतोस. दोन बोटं कमी असलेल्या हाताने, शिडीवर चढून.

शिडीवर.

मी उभाच होतो. तिने फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. तुझ्याशी ती नेहमी बोलते हे तिच्या बोलण्यावरून कळलं. मुलीचा खोकला गेला का, असंही तिने विचारलं. तुला मुलगी आहे. मग तिने माझं सांगितलं, भिंत, नळी, अठरा तारीख. म्हणाली, डॉक्टरांना घरातल्यांचं बघावं लागतं, तू उद्याच जाऊन दाखव.

 मग तू बोललास. तुझा आवाज अगदी बाबांसारखा झाला आहे, त्याची माझी तयारी नव्हती.

“वहिनी, झोपाळू माणसाला कसला आलाय हृदयविकार? मी झोपलो होतो. लेखी आहे तसं, दादाच्या सहीचं.”

ती म्हणाली, अरे, जिवाशी खेळू नको. तू म्हणालास, खेळत नाही. आधी त्याने ठरवावं मी झोपलो होतो की पडलो होतो. ते लिहून आलं की जाईन. तोंडी नको. मग तिला गुडघा कसा आहे म्हणून विचारलंस आणि फोन ठेवलास. मी तिथे आहे हे तुला माहीत होतं.

तिने फोन बंद केला, पत्रं एकावर एक ठेवली.

“उत्तर आलं होतं का?”

“आलं होतं.”

“बरं. मी दोनदा विचारणार नाही.”

ती कपडे वाळत घालायला गेली. मी येरझारा घातल्या. दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं, परत येताना बारा. सहाच दिवसांचा प्रश्न आहे. रिपोर्टमध्ये काही नसेल तर तुझंही काही नसणार. चक्कर शंभर कारणांनी येते. उपाशी काम केलं तरी येते. सहा दिवस तू शिडीवर चढला नाहीस तर बरं होईल. पण ते तुला सांगणार कोण.

१३ मार्च, शुक्रवार

पान्या,

बाबा तुला या नावाने हाक मारायचे. रांगत होतास तेव्हा पेटीतला पाना तोंडात घालायचास म्हणून.

सकाळी दवाखान्यात गेलो. वेळ घेतलेली नव्हती. दोन तास बाकावर बसलो, नाडी मोजली नाही. डॉक्टरीणबाईंना म्हणालो, माझ्या कागदावर एक उत्तर चुकलं आहे, ते खोडायचं आहे. भाऊ पडला होता. नऊ वर्षांपूर्वी कामावर, आणि त्यानंतर दोनदा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. वय विचारलं. पंचेचाळीस. काम विचारलं. काचा बसवतो. शिडीवर? मी म्हणालो, हो. त्या म्हणाल्या, तुमच्या रिपोर्टची वाट बघायला तुम्हाला वेळ आहे, त्यांना कदाचित नाही. आजच कळवा. हे तेव्हाच का नाही सांगितलंत?

या प्रश्नाचं उत्तर त्यांना देण्यात अर्थ नव्हता. तुला देतो.

त्या दिवशी मी वरून हाक दिली: वर घेतो. उत्तर आलं नाही. मशीन रूमचा पंखा चालू होता. मी तो बंद केला आणि पुन्हा हाक दिली. उत्तर आलं नाही. म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणायलाही जागा नाही. इतकी शांतता होती की खालच्या एका घरात कुणीतरी खुर्ची सरकवली ती ऐकू आली.

घाई नव्हती. साहेब आले नव्हते, कोणी ओरडत नव्हतं. अकरा वर्षं प्रत्येक हाकेला तुझं उत्तर आलं होतं. याही वेळी ते आलेलंच आहे असं मी धरलं आणि दांडा ओढला.

तू ओरडला नाहीस. डबा थांबला, तरी काही आवाज नाही. मी खाली आलो, वाकून पाहिलं. तुझे डोळे उघडे होते आणि तू मला पाहत नव्हतास. हाताचं रक्त छतावरून ठिबकत होतं. झोपलेला माणूस दोन बोटं तुटल्यावर जागा होतो. हे मला त्याच क्षणी कळलं. नंतर कळलं, हळूहळू कळलं, असं काही नाही.

साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला होता: उत्तर आलं होतं? नाही म्हटलं असतं तर माझं काम गेलं असतं. आलं म्हटलं तर तुझं. मी तुझ्यापेक्षा मोठा, माझ्यावर घर आहे, तू एकटा आहेस, तुला कुठेही काम मिळेल, हा सगळा हिशेब मी नंतर जुळवला. त्या वेळी तोंडातून ‘आलं’ एवढंच निघालं. पण जबाब दुसऱ्या दिवशी लिहिला. एक आख्खा दिवस मध्ये होता.

तू म्हणालास, डोळ्यांपुढून सगळं गेलं होतं. त्या मंगळवारी जिन्यात माझ्याही डोळ्यांपुढून गेलं. वायरमनचं तोंड दिसलं तेव्हा पहिला विचार मनात आला तो हा, की पान्या खरं बोलत होता. आणि दुसरा, की हे कुणाला सांगायचं नाही. म्हणून घसरलो म्हणालो. म्हणून डॉक्टरांना ‘नाही’ म्हणालो. आधीची पाच पत्रं सोबत ठेवतो आहे. त्यांत कुठे कुठे खोटं आहे ते तुला माझ्याआधी सापडेल.

रिपोर्ट बुधवारी आहे. चांगला आला तर गप्प बसायचं, वाईट आला तर लिहायचं, असा माझा बेत होता. आजारी माणसाला लोक रागावत नाहीत. म्हणून हे पत्र त्याआधी टाकतो आहे. रिपोर्ट काय येतो ते मला माहीत नाही. वहिनी साक्षीला आहे. ती शेजारी बसून कांद्याची साल काढावी तशी पोस्टाची तिकिटं सोडवते आहे.

आजच कळवायला फोन होता, पण तोंडी तू मानणार नाहीस; तू लेखी मागितलंस. घे.

माझ्या हाकेला उत्तर आलं नव्हतं. तरी मी ब्रेक सोडला. माझा भाऊ झोपला नव्हता, बेशुद्ध पडला होता.

खाली पूर्ण सही केली आहे. याचीच एक प्रत आज साहेबांच्या टेबलावर ठेवली.

आता माझी हाक ऐक. हे पत्र पोचेल त्या दिवशी शिडीवर चढू नकोस. हृदयाच्या डॉक्टरकडे जा आणि त्यांना बाबांचा बूट, तुझी तिन्ही पडणी आणि माझी भिंत, सगळं सांग. सोबतच्या कागदावर डॉक्टरीणबाईंनी काय तपासायचं ते लिहून दिलं आहे.

नुसतं ‘हो’ कळवू नकोस. नियमाप्रमाणे अख्खं परत बोल. उत्तर येईपर्यंत मी कशालाही हात लावणार नाही.

दादा

२१ मार्च, शनिवार

पान्या,

तुझं पाकीट सकाळी आलं. पाच पत्रं परत आली आहेत, सहावं नाही. आत कार्ड. ते मी उभ्याने वाचलं, मग वहिनीने मोठ्याने वाचलं, मग मी पुन्हा. डाव्या हाताने कार्ड दाबून धरत असशील, त्या जागी काचा बसवायच्या पुट्टीचा, तीनच बोटांचा ठसा आहे.

तू लिहिलं आहेस:

‘दादा, हाकेला उत्तर आलं नव्हतं. तरी तू ब्रेक सोडलास. मी झोपलो नव्हतो, बेशुद्ध पडलो होतो. हे ऐकलं.

शिडीवर चढत नाही. सोमवारी दहा वाजता हृदयाच्या डॉक्टरकडे जातो. बाबांचा बूट, माझी तिन्ही पडणी आणि तुझी भिंत, सगळं सांगतो. हेही ऐकलं.

पहिली पाच पत्रं परत घे. त्यात तू फार बोलतोस. सहावं बायकोला वाचायला दिलं आहे. ती म्हणते, असल्या माणसाला मी घरात घेणार नाही. मी अजून काही म्हणालेलो नाही.

तुझा रिपोर्ट कळव. तो कसाही असो, मशीन रूमचा जिना चढू नकोस.’

क्षमा मी मागितली नव्हती. तू न दिलेल्या हाकेला उत्तर दिलं नाहीस. ते बरोबर आहे.

रिपोर्ट बुधवारी मिळाला. भिंत जाडच आहे. घराण्यातून येणारा आजार आहे, बाबांचंही तेच असावं असं मोठे डॉक्टर म्हणाले. औषध सुरू झालं. छातीत छोटं यंत्र बसवायचं की नाही ते पुढच्या महिन्यात ठरेल. नळीतली चित्रं बहुतेक चांगली आली होती, दोन सोडून. त्या दोनांत मी बोलत होतो.

साहेबांनी चौकशी पूर्ण होईपर्यंत घरी बसायला सांगितलं आहे. वायरमन काल येऊन गेला. नेहमीची नक्कल केली नाही. चहा मात्र दोनदा मागून घेतला.

वहिनीने घड्याळ परत दिलं. मी ते हातात बांधलं आहे. आता दहा वाजत आहेत. आज शनिवार. सोमवारच्या दहाला अठ्ठेचाळीस तास. परवा तुझ्या छातीवर गार मलम लावून एखादी मुलगी पडद्याकडे बघेल आणि एका जागी थांबेल, की थांबणार नाही. माझा रिपोर्ट यायचा होता तेव्हा हात मनगटावर जायचा. आता मोजायचं ते मनगट सापडत नाही, कारण ते माझं नाही.

तुझी हाक ऐकली. मशीन रूमचा जिना चढणार नाही.

हात आत, पाय आत.

दादा